दर हजारी

रविवारी आईने सगळ्यांना बोलावून घेतलं
कोपरखैरण्याच्या आमच्या दीड खोलीत.
घणसोलीची मावशी, विशाखावहिनी, शेजारची फिरदौस,
आणि वडील, मार्केटातून नुकतेच आलेले,
मानेवर लसणाची टरफलं तशीच.

मी म्हटलं, माझं ते कुकरचं पान आहे ना,
शिट्टी का होत नाही, रिंग कधी बदलायची,
लोक येऊन वाचतात. बाजूला जाहिरात लागते.
तिचे पैसे येतात.

"कोण देतं?"
"कंपनी."
"तू विकतेस काय?"
"काहीच नाही."
एवढ्यावर मावशीने पिशवी जवळ ओढली.
भिशीत तिचे एकवीस हजार बुडालेत.
"माणसं जोडायची असतात का? आपल्याखाली?"
नाही गं. लिहायचं असतं. आणि वाट बघायची.

वडिलांना त्यांच्याच हिशेबात सांगितलं:
तुम्हाला दर गोणीला, मला दर हजारी.
हजार माणसं येऊन गेली की एक वडापाव, कधी दोन,
दिवाळीच्या तोंडावर भाव जरा चढा.
"आणि आडत?"
ती कंपनी आधीच कापून घेते.
ते हसले. "म्हणजे मार्केटच की. फक्त घाम नाही."
मी म्हटलं, बसून बसून पाठ दुखते.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
आपली पाठ हळूच भिंतीला टेकवली,
आणि मी विषय बदलला.

पहिले पैसे हातात यायला चौदा महिने लागले,
हेही सांगितलं होतं मी.
ते कुणी ऐकलं नाही.

वहिनीने पापडांवर अकरा लेख लिहिले,
बारावा अजून भिजत पडलाय.
फिरदौस शिवणाची मापं लिहिते,
कटोरीचा काट कुठे द्यायचा ते आकृतीसकट.
मावशी महापेच्या एका ऑफिसात फरशी पुसते,
ती डागांवर सांगते: चहाचा, शाईचा, रक्ताचा.
ती बोलते, मी टाइप करते.

आई रोज रात्री विचारते, "आज किती आले?"
"चाळीस."
"थांबले?"
"दीड मिनिट."
"पाण्याचं तरी विचारता आलं असतं."

मग पाटणच्या काकांना कुणीतरी सांगितलं
की जाहिरातीवर बोट लावलं की पोरीला पैसे मिळतात.
काका पहाटे धार काढून झाली की बोट लावायचे.
मग काकूच्या फोनवरून. मग सोसायटीच्या सेक्रेटरीच्या.
आत्याने तर अख्खा बचतगट बसवला.
चपला, कर्ज, टक्कल, लंडनचं विमान,
काहीही असो. न वाचता. मायेने.
तीन आठवडे माझा आकडा चढत राहिला
आणि मला वाटलं,
यंदा लोकांचे कुकर फार बिघडतायत.

चार ओळींचं पत्र आलं.
खातं बंद. शिल्लक जप्त.
कारण: खोटी वर्दळ.

काका फोनवर म्हणाले,
"अगं, खोटी कशी? मी स्वतः होतो ना."

वडिलांनी ते पत्र मराठीत करून घेतलं माझ्याकडून, दोनदा.
मग म्हणाले, काट्यावर गोणी चढली
की मापाडी मागे सरकतो, हात पाठीशी.
बोट लागलं तर वजन खोटं.
बोट चोराचं असो, नाहीतर तुझ्या काकाचं.
आणि जेवायला बसले.

फिरदौसने त्याच रात्री मालेगावला मामूंना फोन लावला:
बघा, पण हात लावू नका.

मावशीचं चालू आहे.
काल नांदेडहून कुणीतरी विचारलं,
पांढऱ्या शर्टावर शाई सांडलीय, उद्या मुलाखत.
रात्रीचे साडेदहा. मावशी फोनवर, दमलेली:
"लिही. आधी दूध. कोमट. चोळायचं नाही,
नुसतं टिपायचं."
लिहिलं. पाठवलं.
बाजूला शर्टांचीच जाहिरात लुकलुकत होती.
मी दोन्ही हात मांडीखाली घेतले.